पैशाचा पूर : कापसाच्या तेजीपासून रिझर्व्ह बँकेपर्यंत



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो. ते आम्हांला गणित शिकवीत. चक्रवाढ व्याजाचे उदाहरण फळ्यावर सुटले की ते हात झटकीत आमच्याकडे वळत आणि विचारीत, "व्याज किती झाले ते सगळ्यांना आले. आता ते भरणार कोण, हे कोणी सांगेल का?" वर्गात हशा पिके. तो प्रश्न गणिताचा नव्हता, हे आमच्या ध्यानात येण्यास पुष्कळ वर्षे जावी लागली. आजच्या व्याख्यानाचा विषय मी निवडला तो त्या प्रश्नाच्या आठवणीने.

प्रथमच कबूल करतो की मी अर्थशास्त्राचा अभ्यासक नव्हे. माझे आयुष्य मराठी भाषा आणि वाङ्मय शिकविण्यात गेले. तेव्हा सुरुवात शब्दांपासून केली तर आपण क्षमा कराल. 'परकीय भांडवलाचा ओघ' हा शब्दप्रयोग १९९१ नंतरच्या दशकात आपल्या वृत्तपत्रांत रुळला. 'भांडवल' ह्या शब्दाच्या मुळाशी 'भांड' आहे, आणि संस्कृतात भांड म्हणजे नुसते पात्र नव्हे, तर व्यापाराचा माल, विक्रीची चीजवस्तूही. 'ओघ' हा शब्द मात्र मराठीत येऊन फारच सौम्य झाला. 'ओघवती शैली' असा शेरा मी स्वतः उत्तरपत्रिकांवर शेकडो वेळा मारला असेन. संस्कृतात ओघ म्हणजे लोंढा, पूर. वृत्तपत्रांनी नकळत बरोबर शब्द उचलला, परंतु वाचणाऱ्याच्या मनात आली ती संथ वाहणारी नदी.

ह्या विषयाकडे मला नेले ते आमच्या घरातील एका कागदाने. वडिलांच्या पश्चात त्यांची पेटी आवरताना मोडी लिपीतील एक गहाणखत हाती लागले. मिती शके १७८६ची, म्हणजे इसवी सन १८६४-६५. लिहून देणार माझे खापरपणजोबा, राहणार बैलहोंगल. ते कापसाची अडत करीत आणि थोडी काळी जमीनही राखून होते. त्या जमिनीतील निम्मी त्यांनी तीनशे रुपयांस गहाण टाकली होती, व्याज दरमहा दरशेकडा दीड रुपया. घरात समजूत अशी की दुष्काळात जमीन गेली. कागद काही निराळेच सांगत होता. ते वर्ष दुष्काळाचे नव्हते. आमच्या भागाने तोवर कधी न पाहिलेल्या सुबत्तेचे ते वर्ष होते. सुबत्तेच्या वर्षी शेतकरी जमीन गहाण का टाकतो? ह्या एका प्रश्नाच्या मागे लागून मी जे वाचले ते आपणांसमोर ठेवीत आहे.

एप्रिल १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्या गिरण्यांच्या कापसापैकी सुमारे तीनचतुर्थांशाहून अधिक तोवर अमेरिकेतून येत असे. आता सर्वांचे डोळे हिंदुस्थानकडे, म्हणजे मुख्यतः मुंबई बंदराकडे वळले. मुंबईत कापसाची मोजणी खंडीने होई, आणि ही खंडी ७८४ पौंडांची. तिचा भाव दोनतीन वर्षांत चौपट-पाचपट झाला. पूर्वीच्या वाजवी भावाने जे मिळाले असते त्याच्यावर मुंबईला त्या पाच वर्षांत सात-आठ कोटी पौंड अधिक मिळाले, असा जुना अंदाज आहे. ही रक्कम मुख्यतः चांदीच्या रूपाने आली आणि टांकसाळीतून रुपये होऊन बाहेर पडली.

आपल्या भागाचा ह्या कथेशी असलेला संबंध शालेय इतिहासात सहसा येत नाही, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. बेळगाव, धारवाड आणि त्या वेळचा कलादगी हे जिल्हे कापसाचे. इथला देशी कापूस 'कुमठा' ह्या नावाने ओळखला जाई. तो कुमठ्यात पिकत नसे. तो बैलांवर आणि गाड्यांवर लादून घाट उतरवीत आणि कुमठा बंदरातून मुंबईला पाठवीत, म्हणून बंदराचे नाव मालाला चिकटले. दुसरे वाण त्याहून विशेष. धारवाडचे कलेक्टर शॉ यांच्या काळात, १८४०च्या दशकात, ह्या भागात अमेरिकी बियाणे रुजविण्यात आले आणि 'धारवाड अमेरिकन' नावाचा कापूस पिकू लागला. त्याची सरकी काढण्याची करवती चरकेही धारवाडात तयार होऊ लागली. अमेरिकेत बंदुका सुरू झाल्या तेव्हा अमेरिकेचेच बी आपल्या काळ्या जमिनीत वीस वर्षे आधी येऊन बसलेले होते. योगायोग म्हणावा तर असा!

रेल्वे आपल्याकडे यावयाला अजून वीस-पंचवीस वर्षे होती. पावसाळ्यात घाट बंद, बंदरही बंद. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना ही वाट फार लांब वाटे, आणि कारवार बंदर सुधारावे असा त्यांचा आग्रह होता. १८६२ साली कानडा जिल्ह्याचा उत्तर भाग मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडला गेला, त्यामागे हा कापूसच होता. सीमा भाषेने ठरावी की सोयीने, ह्या वादात आपली हयात गेली. कापसाने सीमा ठरविल्याचे हे उदाहरण मला त्या वादातही फारसे कोणी सांगितलेले आठवत नाही. असो.

भाव चढला तशी भेसळही चढली. कापसात सरकी, माती, दगड घालावे, पाणी मारून वजन वाढवावे, असे प्रकार इतके बोकाळले की १८६३ साली मुंबई सरकारला त्यासाठी खास कायदा करावा लागला. आमचे खापरपणजोबा ह्यात नव्हते असे मी म्हणणार नाही. अडत्यांच्या घरात जन्मलेल्याने पूर्वजांविषयी फार छातीठोक बोलू नये.

आता मुंबईकडे वळू. आलेला पैसा जिथे उतरला तिथे त्याचे काय झाले, हा आपल्या विषयाचा गाभा आहे. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली, म्हणजे ह्या तेजीच्या ऐन मध्यावर प्रसिद्ध झाले. पुस्तक छापून निघाले त्या सुमारास त्यातील शहर बदलू लागलेच होते. सर बार्टल फ्रियर गव्हर्नर होते आणि कोटाच्या भिंती पाडल्या जात होत्या. कापसात मिळालेला पैसा पुन्हा कापसात घालण्यास जागा उरेना, तेव्हा तो कंपन्यांच्या भागांत शिरला. जानेवारी १८६५मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या मोजल्या गेल्या. दहा वर्षांपूर्वी ह्यांतील बहुतेकींचे नावही नव्हते. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग ५०,०००पर्यंत चढला. अजून समुद्र तसाच होता. भाव मात्र जमिनीचा होता.

ह्या सगळ्याच्या मध्यभागी बँक ऑफ बॉम्बे होती. ती १८४०ची, सरकारचा तीत वाटा होता आणि सरकारी शिल्लक तिच्याकडे असे. तिच्या मूळ सनदेत कर्ज कशावर द्यावे आणि किती द्यावे ह्यांवर कडक बंधने होती. १८६१च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला, आणि त्यानंतर १८६३मध्ये बँकेसाठी नवा कायदा झाला. त्यात जुनी बंधने सैल झाली, भांडवल दुप्पट झाले आणि कंपन्यांच्या भागांवर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. श्रोतेहो, ह्या एका गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. पाणी वाढत असता तलावाचा सांडवा सुधारावा, बांधाला माती घालावी, हे कोणत्याही पाटबंधाऱ्याच्या कारकुनाला समजते. इथे नेमक्या त्याच वर्षी बांध खोदून उंची कमी करण्यात आली. बाहेरून आलेल्या एका रुपयावर बँकेने आतून आणखी रुपये उभे केले. भागांवर कर्ज, त्या कर्जातून आणखी भाग, त्या भागांवर आणखी कर्ज! प्रेमचंद रायचंद ह्या कर्तबगार पुरुषाचा बँकेवर केवढा प्रभाव होता ह्याची हकीकत पुढे चौकशीत बाहेर आली. परंतु सगळा दोष एका माणसावर टाकून मोकळे होणे मला कधी पटले नाही. दार उघडे ठेवणारे सरकारी अधिकारी संचालक मंडळात बसलेलेच होते.

एप्रिल १८६५मध्ये जनरल ली शरण आले आणि कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ ही मुदतीच्या सौद्यांची तारीख. त्या दिवशी देणे देण्यास कोणाकडे काही उरलेले नव्हते. बॅकबेचा भाग मूळ किमतीच्याही पुष्कळ खाली आला. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान, ज्यांच्या शिलालेखांच्या वाचनाने आपल्या इतिहासाचा पाया घातला, तेही ह्या सट्ट्यात धुऊन निघाले. बँक ऑफ बॉम्बेचे दोन कोटींहून थोडे अधिक असलेले भांडवल बहुतेक सगळे बुडाले. १८६८ साली ती मोडीत निघाली, चौकशी आयोग बसला आणि नवी बँक त्याच वर्षी स्थापन झाली. मुंबईला मागे काही राहिले नाही असे नाही. प्रेमचंदांनी आपल्या मातोश्रींच्या नावे जो मनोरा बांधण्यास देणगी दिली, त्या राजाबाई टॉवरचे बांधकाम पडझडीनंतर, १८६९ ते १८७८ ह्या काळात झाले. पुरातून एवढे सुंदर काही वर राहिले, हे मान्य केले पाहिजे.

पण बैलहोंगलच्या कागदाचे काय? आता मला त्याचा अर्थ लागला. आमच्या पूर्वजाने जमीन गहाण टाकली ती नड म्हणून नव्हे, तर खात्री म्हणून. उभे पीक आगाऊ विकत घ्यावयाचे, ते कुमठ्याला पोचेपर्यंत भाव आणखी चढेल आणि मग कर्ज, व्याज सगळे एका हंगामात फिटेल, हा हिशेब. तो हिशेब एकट्याचा नव्हता. मुंबईचा शेठ गावच्या सावकाराला पत देत होता, सावकार अडत्याला, अडत्या रयतेला. पत वरून खाली झिरपली. आणि तेजी सरल्यावर पत परत मागण्याची पाळी आली ती मात्र वरून खाली झिरपली नाही, कोसळली. सर्वांत खाली जो होता त्याच्या खाली द्यावयाला कोणी नव्हते.

१८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जखतांची होळी केली. त्या दख्खनच्या दंग्यांच्या चौकशीत युद्धकाळात फुगलेली आणि मग आकसलेली पत हे एक कारण म्हणून नमूद झाले. चढ्या भावांच्या काळात सरकारनेही जमीनमहसुलाची फेरआकारणी वाढवून घेतली होती. इंदापूर तालुक्यातील १८६७ची वाढ प्रसिद्धच आहे. दंगे आपल्याकडे पसरले नाहीत. पण १८७६-७८चा दुष्काळ आला तेव्हा बेळगाव, धारवाड आणि कलादगी हे त्याच्या तोंडाशीच होते. दुष्काळात जमीन गेली, ही आमच्या घरातील समजूत अर्धी खरी होती. दुष्काळाने ती नेली. गहाण मात्र तिला सुबत्तेने टाकले होते.

येथे अर्थशास्त्राचे जाणकार मला अडवतील. कापसाचा पैसा हा मालाचा मोबदला होता, त्याला भांडवलाची आवक कसे म्हणता? आक्षेप रास्त आहे. मी एवढेच म्हणतो की पैसा मालाचा असो, कर्जाचा असो की गुंतवणुकीचा, तो बाहेरून एकाएकी आणि मोठ्या प्रमाणात येतो तेव्हा आत उभा राहणारा प्रश्न एकच असतो : त्यातून देशात किती रुपये निघावेत, ते कोणाच्या हाती पडावेत, आणि तो परत फिरेल तेव्हा भार कोणी उचलावा.

दुसरा प्रसंग तर आपल्या कॅम्पातलाच आहे. माझा जन्म स्वातंत्र्यानंतरचा, त्यामुळे हे मी वडिलांकडून आणि काकांकडून ऐकलेले सांगतो. दुसऱ्या महायुद्धात कॅम्प गजबजून गेला होता. मराठा पलटणीचे प्रशिक्षण केंद्र इथे १९२२पासूनच होते, आता भरतीला ऊत आला. माझे काका कॅम्पातील एका लष्करी कंत्राटदाराकडे मुनीम होते, तर वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. एकाच स्वयंपाकघरात दोन पगार येत. काकांना दर दिवाळीला बक्षिसी मिळे. वडिलांचा पगार महागाईभत्त्याचे चार रुपये सोडता होता तिथेच राहिला. आई सांगे, रॉकेल आणि साखर काकांच्या ओळखीने मिळे, आणि ते मागावयाला वडील कधी जात नसत, तिलाच पाठवीत.

हा पैसा आला कुठून? युद्धाचा जो खर्च ब्रिटनने सोसावयाचा ठरला होता, तो इथे रुपयांत केला जाई आणि त्याची भरपाई लंडनमध्ये पौंडांत रिझर्व्ह बँकेच्या नावे जमा होई. त्या पौंडांच्या तारणावर इथे नोटा छापल्या जात. म्हणजे पौंड तिकडेच राहिले, माल आणि श्रम इथून गेले आणि देशात उरल्या त्या नोटा. युद्धाच्या सुरुवातीस चलनात सुमारे १८० कोटींच्या नोटा होत्या, शेवटी त्या १,१०० कोटींच्या वर गेल्या. लंडनमधील ही शिल्लक, जिला स्टर्लिंग शिल्लक म्हणत, १९४६च्या सुमारास सुमारे १,७०० कोटी रुपयांची झाली. कॅम्पातील कंत्राटदाराचा प्रत्येक रुपया ह्या खात्यातून निघाला होता, हे त्याला किंवा माझ्या काकांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

अशा वेळी, ऑगस्ट १९४३मध्ये, चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. महाड तालुक्यातील नाते गावचे हे गृहस्थ. कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणारा हा गव्हर्नर आम्हां मराठीच्या प्राध्यापकांना आपला वाटला तर नवल नाही. त्यांच्या हातात साधने किती होती? आलेला पैसा बाहेर घालविण्याचा एक शहाणपणाचा मार्ग आधीच धरला गेला होता : हिंदुस्थानवर लंडनचे जे जुने कर्ज होते, ते ह्याच पौंडांतून बहुतांशी फेडून टाकले गेले. पिढ्यान्‌पिढ्यांचा देणेकरी देश पाचसहा वर्षांत घेणेकरी झाला, ही घटना आपल्या आर्थिक इतिहासात फार मोठी आहे. दुसरा मार्ग, बाजारातून नोटा शोषून घेण्याचा. त्यासाठी सरकारी रोखे, बचतपत्रे यांचा प्रसार झाला आणि १९४३पासून बाजारात सोनेही विकले गेले. परंतु मुख्य नळ लंडनच्या हाती होता. युद्ध चालू असेतो खर्च थांबविण्याचा अधिकार मुंबईतील गव्हर्नराला नव्हता. किमती सुमारे अडीचपट झाल्या. १९४३मध्ये बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. त्या अनर्थाची कारणे अनेक आहेत, पण नोटांनी चढविलेला तांदळाचा भाव त्यांपैकी एक होता. १९४४च्या ब्रेटन वुड्स परिषदेत आपल्या प्रतिनिधींनी, त्यांत चिंतामणरावही होते, ह्या शिलकेचा प्रश्न मांडला. ब्रिटनने तो परिषदेबाहेर, आपसांत सोडवावयाचा म्हणून बाजूला सारला. पुढे सप्टेंबर १९४९मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले आणि शिल्लक राहिलेल्या पौंडांची डॉलरमधील किंमत एका रात्रीत सुमारे तीस टक्क्यांनी घटली.

चिंतामणरावांनी जुलै १९५६मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे इथे बसलेल्या ज्येष्ठांना सांगावयास नको. तो आपल्या भागात ज्या आत्मीयतेने वाचला गेला, त्या आत्मीयतेत मी वाढलो. पण वडिलांच्या तोंडून मी एकदा वेगळेच ऐकले. ते म्हणाले, "राजीनामा मोठाच. पण त्रेचाळीस साली ते गव्हर्नर होते आणि माझा पगार अर्धा झाला, तेही खरे." वडील अर्थशास्त्र शिकले नव्हते. त्यांचा चिंतामणरावांवर रोषही नव्हता. कोणत्या अधिकाऱ्याला काय शक्य होते आणि काय नव्हते, हा विवेक मला पुस्तकांतून मिळाला. आच मात्र त्या वाक्यातून लागली.

तिसरा प्रसंग आपल्या सर्वांच्या डोळ्यांदेखत घडला, म्हणून त्यावर फार रेंगाळत नाही. १९९१मध्ये परकीय चलन इतके आटले की देशाला आपले सोने परदेशी गहाण ठेवावे लागले. पेपरमध्ये ती बातमी वाचली तेव्हा मला वडिलांच्या पेटीतला कागद आठवला. पण पुढच्या दोनतीन वर्षांतच उलट चित्र दिसू लागले. सप्टेंबर १९९२मध्ये परदेशी संस्थांना आपल्या शेअरबाजारात गुंतवणुकीची परवानगी मिळाली आणि डॉलर येऊ लागले. रुपया फार महाग होऊ नये म्हणून रिझर्व्ह बँक ते विकत घेऊ लागली. १९९३पासून दोन वर्षांहून अधिक काळ डॉलरचा भाव ३१ रुपये ३७ पैशांच्या आसपास जणू खिळवून ठेवलेला होता. डॉलर घ्यावयाचे म्हणजे बदल्यात रुपये सोडावयाचे. ते रुपये पुरते शोषले गेले नाहीत आणि महागाई दोन अंकी झाली.

ह्या शोषून घेण्याच्या क्रियेला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचे भाषांतर एका वृत्तपत्राने 'निर्बीजीकरण' असे केलेले मी पाहिले. त्या दिवशी अर्थपानाऐवजी कुटुंबनियोजनाची बातमी वाचतो आहोत असे काहींना वाटले असल्यास दोष वाचकांचा नव्हे.

त्याच दशकात जगाने दोन धडे पाहिले. चिलीने १९९१पासून एक युक्ती केली. बाहेरून येणाऱ्या पैशाचा काही हिस्सा, पुढे तो तीस टक्क्यांपर्यंत गेला, वर्षभर बिनव्याजी त्यांच्या मध्यवर्ती बँकेत ठेवावा लागे. जो दहा वर्षांसाठी कारखाना काढावयास येतो त्याला हे जड नाही. जो तीन महिन्यांत नफा घेऊन पळणार त्याला हे परवडत नाही. आपल्या गावातील अनामत रकमेचाच हा प्रकार. एकूण पैसा त्यामुळे कितपत कमी झाला, ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. अल्पमुदतीचा वाटा कमी झाला, हे बहुतेकांना मान्य आहे. थायलंडने उलट केले. आपले चलन डॉलरला बांधून ठेवले आणि अल्पमुदतीची डॉलर कर्जे इमारतींत, जमिनींत जाऊ दिली. २ जुलै १९९७ रोजी ती गाठ सुटली. बॅकबेच्या भागधारकाला बँकॉकच्या अर्धवट इमारती ओळखीच्या वाटल्या असत्या.

आपल्याकडे मोठा लोंढा आला तो २००३नंतर. २००७-०८ ह्या एका वर्षात १०० अब्ज डॉलरांहून अधिक परकीय भांडवल आले. ह्या वेळी मात्र सांडवा आधी बांधला गेला होता, हे नोंदविणे न्यायाचे आहे. डॉ. वाय. व्ही. रेड्डी गव्हर्नर असताना एप्रिल २००४मध्ये बाजार स्थिरीकरण योजना निघाली. त्यात सरकार खास रोखे विकी, पण मिळालेला पैसा खर्च करू शकत नसे. तो रिझर्व्ह बँकेत वेगळ्या खात्यात पडून राही. म्हणजे डॉलर घेताना सुटलेले रुपये रोख्यांच्या वाटेने परत येत. बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवावयाच्या राखीव रकमेचे प्रमाणही पाच टक्क्यांवरून पायरीपायरीने नऊपर्यंत नेले. बँकांनी जमिनी-इमारतींच्या व्यवहारांना सढळ हाताने कर्जे देऊ नयेत म्हणून त्यांच्यावर जादा तरतुदींचा भार घातला गेला. हीच ती गोष्ट, जिची १८६३मध्ये बँक ऑफ बॉम्बेत नेमकी उलट झाली होती. ऑक्टोबर २००७मध्ये निनावी पत्रांद्वारे येणाऱ्या परदेशी पैशावर सेबीने बंधने सुचविली तेव्हा शेअरबाजार एका सकाळी जोरात आपटला आणि टीकेचा भडिमार झाला. सप्टेंबर २००८मध्ये अमेरिकेतील लेहमन बँक बुडून पैसा परत फिरला, तेव्हा साठविलेले ते रुपये सोडून देता आले, आणि आपल्या बँका उभ्या राहिल्या.

पण गुरुजींचा प्रश्न येथेही विचारला पाहिजे. सांडवा फुकट नसतो. रोख्यांवर सरकारने व्याज दिले, आणि विकत घेतलेले डॉलर अमेरिकी सरकारच्या रोख्यांत पुष्कळ कमी व्याजाने गुंतले. मधला फरक आपण करदात्यांनी भरला. एवढे करूनही २००७मध्ये डॉलर ४४ रुपयांच्या आसपासून ४०च्या खाली आला. आपल्या उद्यमबागेतील, मच्छ्याच्या रस्त्यावरील ओतकाम कारखान्यांपैकी जे परदेशी मागणीवर चालत, त्यांना त्याच मालाचे कमी रुपये मिळू लागले. माझा एक माजी विद्यार्थी तिथे छोटा कारखाना चालवी. मराठीत त्याला जेमतेम पास केले होते मी. तो त्या वर्षी भेटला तेव्हा म्हणाला, "सर, देश श्रीमंत झाला म्हणून माझे सहा कामगार कमी करावे लागले, हे तुमच्या निबंधात कसे लिहितात?" मला उत्तर आले नाही. आज मी एवढे म्हणेन की त्या सहा जणांवर पडलेला भार हा रोख्यांच्या व्याजाइतकाच ह्या व्यवस्थापनाचा खर्च होता. फरक असा की व्याजाची नोंद अर्थसंकल्पात झाली, त्यांची कुठेच झाली नाही.

म्हणून पैसा येऊच देऊ नये, असे मी म्हणत नाही. धारवाडच्या काळ्या मातीत अमेरिकेचे बी रुजविणारेही परकेच होते. माझा आग्रह क्रमाविषयी आहे. पैसा येत असतानाच, भाव चढत असतानाच, बँकांची कर्जे आवळणे, घाईच्या पैशाला अनामत मागणे आणि त्यातून जुने परकीय कर्ज फेडणे, ही कामे करावयाची असतात. आणि नेमक्या त्याच वेळी ती करणारा अधिकारी सर्वांना विकासाचा शत्रू वाटतो. परकीय चलनाच्या साठ्याला आपली वृत्तपत्रे 'गंगाजळी' म्हणतात. तो आकडा २०२४ साली ६०० अब्ज डॉलरांच्या वर होता. गंगाजळी म्हणजे काशीहून आणलेला, तोंड लाखेने बंद केलेला तांब्या. तो रोजच्या तहानेसाठी नसे. घरात तो आहे एवढ्यानेच म्हाताऱ्या माणसांना धीर येई, आणि आमच्या आजीला त्याची मोहोर शाबूत आहे की नाही हे अधूनमधून पाहण्याची सवय होती. मात्र ह्या गंगाजळीतले काही पाणी आपले कमावलेले आहे आणि काही परक्यांनी ठेवावयास दिलेले. तांब्या एकच असल्यामुळे बाहेरून ते ओळखू येत नाही.

जाता जाता एक विनंती. तो गहाणखताचा मोडी कागद मी आज सोबत आणला आहे. त्याच्या पाठीमागे हप्त्यांच्या चार नोंदी आहेत, पाचवी नाही. कर्ज देणाऱ्याच्या घराण्याचे नाव मी देवनागरी प्रतीतून मुद्दाम वगळले आहे; त्यांचे वंशज आपल्यातच आहेत आणि त्यांच्या पूर्वजालाही वरच्या कोणाचे तरी देणे होतेच. मूळ कागद आणि प्रत मी शाळेच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करतो. पाठीवरच्या तिसऱ्या नोंदीतील एक अक्षर मला अजून लागलेले नाही. नववी-दहावीच्या मुलामुलींपैकी कोणाला मोडी शिकण्याची इच्छा असेल तर मी दर शनिवारी सकाळी ग्रंथालयात येऊन बसेन.